पान सतरावरच्या चार ओळी

मंगळवारी सकाळी मी ब्लॉगवर आमच्या गॅलरीबद्दल लिहिलं. बुधवारी तो मजकूर प्रूफ होऊन माझ्या ऑफिसच्या टेबलावर आला. त्यात गॅलरी लाल शाईने खोडलेली होती, आणि संध्याकाळी घरी गेले तर गॅलरीच्या जागी भिंत होती.

भिंत नवी नव्हती. तिच्यावर जुना रंग होता, खिळा होता, आणि खिळ्याखाली कॅलेंडर वर्षानुवर्षं घासून पडलेला डाग होता. बाबा तिच्याकडे तोंड करून खुर्चीत चहा पीत बसले होते.

"बाबा, गॅलरी?"

"कुठली गॅलरी?" ते म्हणाले. "चहा घे, निवतोय."

गेली अठरा वर्षं मी कोल्हापुरातल्या एका प्रकाशनात संपादक आहे. दुसऱ्यांची वाक्यं सरळ करता करता स्वतःचं एकही उरलं नाही, असं यंदा वाटायला लागलं, म्हणून अकरा वर्षांपूर्वी बंद पडलेला ब्लॉग पुन्हा उघडला. पासवर्ड आठवला याचंच मला कौतुक. मोठं काही लिहायचं नव्हतं. घर, लहानपण, बाबा, इतकंच. रोज ऑफिसला निघण्याआधी, पोहे खाता खाता थोडं थोडं लिहीत होते.

गुरुवारी ते प्रूफ घेऊन मी चौगुल्यांकडे गेले. चौगुले आमच्याकडे छपाईची बाजू बघतात. त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय कुठलंही पुस्तक छापखान्यात जात नाही.

"हे तुम्ही खोडलंत?"

"होय ताई."

"हा माझा ब्लॉग आहे. पुस्तक नाही."

"आमच्या टेबलावर आलं की पुस्तकच की," चौगुले म्हणाले. "गॅलरीनं काही पुढं सरकत नव्हतं. म्हणून काढली."

'याने काही पुढे सरकत नाही' हे माझंच वाक्य. किती लेखकांच्या समासात ते लिहिलं असेल, देव जाणे. एका निवृत्त तहसीलदारांच्या आठवणींतून मी त्यांची अख्खी आत्या या एका वाक्यावर काढली होती. आत्या आता कुठे असेल, असं त्यांनी पत्र लिहून विचारलं होतं. मी ते पत्र ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं होतं आणि आम्ही पोट धरून हसलो होतो.

शुक्रवारी मी गॅलरी पुन्हा लिहिली. या वेळी साक्षीदारही घातला. शेजारच्या बिऱ्हाडातल्या शकुंतलामावशी त्यांच्या गॅलरीतून आमच्या गॅलरीत लसणाच्या चटणीची वाटी कशी देतात, तेही लिहिलं. शनिवारी सगळा परिच्छेद खोडून आला. समासात 'पुनरुक्ती' असं लिहिलं होतं. घरी गेले तर जिन्याच्या टोकाला एकच दार होतं, आमचं. मावशींचं दार होतं तिथे भिंतीला एक इस्त्रीचं टेबल टेकवून ठेवलं होतं. त्यांची स्टीलची वाटी आमच्या ओट्यावर होती आणि बाबांनी तिच्यात सुपारी ठेवली होती.

"ही वाटी कुणाची?" मी विचारलं.

"आपलीच," बाबा म्हणाले.

ब्लॉगवरची गॅलरी गेली, मावशी गेल्या; माणसांत आता बाबाच उरले होते. रात्रभर त्यांच्या घोरण्याकडे कान लावून पडले होते.

रविवारी मी ब्लॉग पुसून टाकला. सोमवारी तो चौगुल्यांच्या टेबलावर पानं लावून तयार होता.

"मी पुसलं ते," मी म्हणाले.

"पुसलं तर पुसलं. मांडणी झाली की." चौगुल्यांनी पानं माझ्याकडे सरकवली. "एक फर्मा. सोळा पानांत छान बसतंय. फक्त पान सतरावर चार ओळी सांडल्यात."

एका कागदाला घड्या घातल्या की सोळा पानं होतात, तो एक फर्मा. चार ओळींसाठी दुसरा कागद कुणी घेत नाही. मीही कधी घेऊ दिला नाही.

चार ओळी अशा होत्या: 'बाबा सकाळी पेपर मोठ्याने वाचतात. मी ऐकत नाही, हे त्यांना माहीत आहे. तरी वाचतात. तो आवाज आहे म्हणून मला घरी यावंसं वाटतं.'

"आधीच्या सोळांतलं काहीतरी काढा, मग ह्या वर चढतील," चौगुले म्हणाले. "लेखकानंच काढायचं. न्हाईतर मी ह्या चार काढतो."

मी लाल पेन घेतलं. माझी शाळा खोडली, तिचं नाव आठवेना. पोहायला शिकले ती विहीर खोडली. सायकलवरून पडले तो उतार खोडला, आणि गुडघ्यावरून हात फिरवला तर खूण नव्हती. मी जसजशी खोडत होते तसतशी खोली आखडत होती. मघाशी समोर बसलेले चौगुले आता माझ्या खांद्याला खांदा लावून बसले होते आणि त्यांच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता. पानंही तितकीच आखडत होती, म्हणून चार ओळी जागच्या हलल्या नाहीत.

"तुम्हाला वेळ लागतोय, म्हणून दुसरी प्रत मघाच घरी धाडलीय," चौगुले म्हणाले. "ज्यांच्यावर लिहिलंय त्यांनी एकदा नजर टाकलेली बरी असतीया."

बाबांनी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. लाल पेन अजून त्यांच्या खिशाला असतं. मी घरी फोन लावला.

"पमा, छान लिहिलंयस," बाबा म्हणाले. "पण माझं फार झालंय गं. लोक काय म्हणतील? थोडं कमी करतो."

"बाबा, पेन खाली ठेवा."

"अगं, दोन ओळी गेल्या म्हणून काय बिघडतं? माझ्यात सांगण्यासारखं आहेच काय?"

"हात जोडते बाबा. पेन ठेवा."

"संपादक तू, आणि तूच असं म्हणतेस?" ते हसले. कुणी कौतुक केलं की ते असेच हसतात, आणि मग कुणाचं म्हणून ऐकत नाहीत.

माझ्या समोर, पान सतरावर, पहिल्या शब्दावर लाल रेघ उमटली.

खोडलेला शब्द तसाच ठेवायचा असेल तर त्याच्याखाली टिंबं देतात. वाळलेल्या रेघेवर त्याचा उपयोग होत नाही, हे मी गॅलरीच्या वेळी करून पाहिलं होतं. ही रेघ ओली होती. फोनमधला आवाज गेला. मी टिंबं दिली, तो परत आला.

"...मोठ्याने वाचतात, हे तर अगदीच..." बाबा म्हणत होते, आणि पुन्हा काही ऐकू येईना. मी टिंबं दिली.

"बाबा, बोलत राहा."

"...ऐकत नाहीस हे खरंय, पण ते..."

टिंबं.

"सोळांत बसतंय बघा ताई," चौगुले माझ्या कानाशी म्हणाले.

मी टिंबं देत राहिले. तिसरी ओळ संपली. रेघ माझ्या एक शब्द पुढे होती.