मावशीचा कडीचा डबा

मित्रांनो, माझ्या अंगावरचे पोचे बघून नाक मुरडू नका. मी चर्चच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्यात खालच्या फळीवर राहणारा, ॲल्युमिनियमचा एक जुना कडीचा डबा आहे. वरच्या फळीवर चकचकीत स्टीलची भांडी आली आहेत. त्यांच्यावर दात्यांची नावे कोरली आहेत आणि त्यांचा तोरा विचारू नका! माझ्यावर कोणाचेच नाव नाही. पण मंडळीतल्या निम्म्या घरांची दारे मी पाहिली आहेत.

दुकानात मी बरेच दिवस धूळ खात टांगलेला होतो. एकदा मावशी आली. तिने मला उलटे करून टिचकी मारली आणि थेट मलाच विचारले, "गळणार नाहीस ना रे?" दुकानदार हसला. मी मात्र त्याच क्षणी तिचा झालो.

मावशी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून पोट भरायची. तिच्या खोलीत इस्त्रीचे टेबल मावल्यावर जागाच उरत नसे, म्हणून मी चर्चमध्येच राही. रविवारी उपासनेला ती नेहमी दाराजवळ, शेवटच्या बाकावर बसे. लोकांना वाटे, बिचारी लाजाळू आहे. खरे कारण मला ठाऊक होते. तिथून सगळ्यांच्या पाठी दिसत. कोणाची जागा रिकामी आहे, कोणाचे खांदे पडले आहेत, ते ती बरोबर हेरी. उपासना संपली की चर्चच्या गॅसवर सूप शिजे, माझे सैल झाकण फडक्याने बांधले जाई आणि आमची स्वारी निघे.

दारात ती फार बोलत नसे. "जास्तीचं झालं होतं, म्हटलं तुम्हाला द्यावं," एवढेच. जास्तीचे कसले! स्वतः ती चहा-पावावर भागवायची. मग आजाऱ्याजवळ बसून हळू आवाजात प्रार्थना करी आणि उठताना म्हणे, "पुढच्या रविवारी तुमची पाठ दिसली पाहिजे हं!"

घड्याळे दुरुस्त करणाऱ्या काकांची बायको वारली, तेव्हा त्यांनी दारच उघडले नाही. मावशीने मला उंबऱ्यावर ठेवले आणि बाहेरूनच सांगितले, "डबा चर्चमध्ये आणून द्या. मला लागतो." मला परत करायच्या निमित्ताने काका घराबाहेर पडले. चर्चच्या पायरीवर जरा घुटमळले आणि मग आत आले. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

वार्षिक सभेत पाळकसाहेबांनी सगळ्यांचे आभार मानले. गाणाऱ्यांचे मानले, पडदे देणाऱ्यांचेही मानले. मावशी तेव्हा मागे मला घासत होती. मला राग आला. ती आपली गुणगुणत होती.

मग एका रविवारी मावशी आली नाही. पुढच्या रविवारीही नाही. कोणाच्या लक्षातच आले नाही. येणार कसे? तिच्या बाकामागे भिंत होती. मी फळीवर कोरडा ठणठणीत बसून होतो. माझा जीव तीळतीळ तुटत होता. ओरडायला तोंड होते, पण आवाज नव्हता.

नेमके तिसऱ्या रविवारी काकांचेच घड्याळ बंद पडले. उशीर झाला म्हणून ओशाळून ते शेवटच्या बाकावर टेकले. शेजारची जागा रिकामी होती. गीत अर्धवट सोडून ते स्वयंपाकघरात आले. "तू इथे? मग ती कुठाय?" त्यांनीही मलाच विचारले.

काकांना स्वयंपाकाचा गंध नव्हता. बटाटे कच्चे राहिले, मीठ दोनदा पडले. मावशी खोलीत तापाने पडून होती. इस्त्री गार होती.

"जास्तीचं झालं होतं," काका दारातून म्हणाले.

मावशीने एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. "मीठ मात्र खरंच जास्त झालंय हो." ती हसली, आणि मग रडू लागली. इतकी वर्षे तिने मला भरून दारोदार नेले होते. तिच्यासाठी मी भरून आलो, तो पहिल्यांदाच.

त्यातून ती बरी झाली. पुढे कितीतरी वर्षे आम्ही हिंडलो. आता ती प्रभूच्या घरी गेली आहे. तिची टिचकी आठवली की अजून गलबलून येते.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. येत्या रविवारी फक्त एकदा मान वळवून मागे बघा. मोठी माणसे डोळे वटारतील, वटारू द्या. मावशीच्या जागेवर आता काका बसतात. त्यांचे सूप अजून खारटच होते. ते थकले आहेत, आणि त्यांच्याही मागे भिंतच आहे.