दुसरीचा बायोडाटा

समाजाचे अध्यक्ष हेमराजनाना यांच्या मते वधू-वर मेळाव्याला छापील पुस्तकच लागतं, आणि त्यातली माहिती घरातल्या कर्त्या पुरुषानं भरायची असते. धुळ्यात एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर असलेल्या भाविकानं त्यांच्या मागे लागून यंदा वेबसाइट मान्य करून घेतली होती. तिथे मुली आपली माहिती स्वतः लिहिणार होत्या. भाविकाच्या बायोडाट्यात तिच्या काकांनी परस्पर ‘घरकामाची आवड’ लिहून टाकलं होतं, ते ती अजून विसरली नव्हती.

चाचणीला मंगल कार्यालयात सगळ्यांनी एकदम फोन उघडले आणि नको ते झालं. चोपड्याच्या लोटनभाऊंनी मुलासाठी स्थळ उघडलं, तर समोर मिशीवाला इंजिनिअर. लोकांची हसून पुरेवाट झाली. भाविकाला मात्र धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. नाना म्हणाले, उद्यापर्यंत बघ, नाहीतर पुस्तक छापायला टाकतो.

चूक तिचीच होती. वेग वाढावा म्हणून सारखी लागणारी माहिती तिनं कॅशमध्ये, म्हणजे अगदी हाताशी, ठेवली होती. साइटवर येणाऱ्या प्रत्येकाचं काम वेगळा थ्रेड बघायचा, पण कॅशकडे जाणारं कनेक्शन सगळ्या थ्रेडना मिळून एकच. गर्दी झाली की एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हाती. सगळ्या वाढप्यांत एकच बादली दिली तर जिलबीवर वरण पडणारच की. तिनं प्रत्येक थ्रेडला आपापलं कनेक्शन दिलं आणि काम झालं की ते परत ठेवायची सक्ती केली, कारण कनेक्शनं मोजकीच, नाहीतर मागून येणाऱ्याला उरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी लोटनभाऊंना मुलगी दिसली. नानांनी मुद्दाम आपल्या नातीचं, पुनमचं नाव दाबलं. तिची माहिती त्यांना तोंडपाठ होती, पुस्तकासाठी त्यांनीच तर लिहिली होती. वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“फोटो आमनी पुनमना शे, लिखेल दुसरीनं.”

पुन्हा तीच चूक झाली की काय, असं भाविकाला वाटलं. तिनं फोन घेऊन पाहिलं. लग्नानंतरही शिकवणं सोडणार नाही, असं लिहिलं होतं. स्वयंपाक दोघांनी मिळून करू, असंही होतं. तिनं साइटच्या नोंदी तपासल्या, ती माहिती पुनमच्याच फोनवरून भरलेली दिसली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

“नाना, बरोबर आहे ते. पुनमनंच लिहिलंय.”

नानांनी चष्मा पुसून पुन्हा, सावकाश वाचलं.

“तिनी माले कधी सांगं नही,” ते म्हणाले. मग फोन खाली ठेवत, “मी कधी इचारं बी नही.”

त्यांनी छापखान्याला फोन करून पुस्तक नको म्हणून सांगितलं. मग पुनमला लावला, आणि ती उचलेपर्यंत घसा खाकरत बसले.