नानांची तहान

संडासाच्या दारापुढे एवढी गर्दी त्या घराने कधी पाहिली नसेल. पुढचे चवड्यांवर उभे, मागचे सिमेंटच्या पोत्यांवर चढलेले, आणि आत कमोडसमोर स्टूल टाकून महाराज बसलेले. डोळे मिटून.

"या, नाना, या! घोटभर पाणी प्या!"

मंत्र लांबला. फारच लांबला. पोत्यावरच्या एकाच्या पायाला मुंग्या आल्या. आणि अचानक, कुणी बोटही न लावता, फ्लशच्या टाकीत खळखळ पाणी वाहू लागलं आणि सूं... करत थांबलं.

"आले!" महाराज गरजले. "प्यायले!"

सगळ्यांचे हात जोडले गेले. कडेवर बाळ घेतलेल्या सुनेला मात्र सासूबाईंचे ओठ तेवढे दिसत होते. फुटलेले, पांढरे पडलेले.

जुनी घरं स्वस्तात घ्यायची, दुरुस्त करून भाड्याने द्यायची, हा सासऱ्यांचा, नानांचा उद्योग. या घराचे गंजलेले पाइप त्यांनी बदलले, ओल धरलेला गिलावा उतरवला. फ्लशची टाकी तेवढी जुनीच ठेवली. "चालतेय ना? मग कशाला हात लावायचा?" काम अर्ध्यावर असताना, इथेच, त्यांच्या छातीत कळ आली. पाणी मागितलं. सासूबाई पेला घेऊन धावल्या, पण तो ओठांना लागायच्या आत सगळं संपलं होतं.

मग टाकी आपोआप वाहू लागली. घर बघायला आलेलं जोडपं चपला टाकून पळालं. प्लंबरने फोन उचलणं सोडलं. आणि महाराज आले.

"जीव तहानलेला आहे, माई. तो तृप्त होईपर्यंत तुम्ही पाणी प्यायलात, तर त्याचा घसा जळेल."

सासूबाईंनी पाणी सोडलं. सकाळी महाराज देतील तेवढं चमचाभर तीर्थ, बस्स. डॉक्टरांनी बजावलं, हे असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील. सून ओला रुमाल घेऊन गेली, तर त्यांनी तोंड फिरवलं.

"आई, तुमच्या पाया पडते, एक घोट घ्या."

"त्यांच्या तोंडचा काढून?"

"आईला दुखवू नकोस," नवरा म्हणाला. "थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे."

"तेवढ्यात माणूस जातं हो!"

त्या गर्दीच्या दिवशी नाना "प्यायल्यावर" महाराजांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले, कसलीशी पुटपुट केली आणि जाहीर केलं, "झोपले. पण ही तात्पुरती झोप बरं का! घर आश्रमाच्या नावे करा, म्हणजे कायमची शांती. तोवर माई, पाणी नाही."

खरंच, टाकी गप्प झाली. महाराज बाहेरच्या खोलीत प्रवचन झोडत राहिले. दुपार कलली. बाळाचा लंगोट खराब झाला म्हणून सून संडासात गेली आणि तिने फ्लश दाबला. थेंब नाही! तिने टाकीचं झाकण उचललं. टाकी रिकामी. खालची बारीक तोटी फिरवली, तर पाणी धो धो आत आलं.

शांत झालेल्या नानांनी तोटी कशी बंद केली? सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना उघडे कुणाचे होते?

तिने टाकी भरू दिली, तोटी पुन्हा बंद केली आणि नुसती बघत उभी राहिली. कुणी वापरत नव्हतं, तरी पाणी हळूहळू उतरत होतं. टाकीच्या बुडाचं रबर झिजून गेलं होतं. तिने कपड्यांची नीळ आणली, तोटी उघडून भरलेल्या टाकीत ओतली आणि ओरडली, "या सगळे! नाना काय पितात ते बघा!"

कमोडमध्ये निळी रेघ उतरली. मग दुसरी.

"टाकीतलं पाणी कुणी पीत नाही. इथे गळतं. पुरेसं गळलं की तरंगणारा गोळा खाली जातो, आतला नळ उघडतो, टाकी भरते. हाच तो आवाज!"

"निळा रंग म्हणजे आकाशतत्त्व..." महाराजांनी सुरुवात केली.

"आत्तापर्यंत तहान होती, आता आकाश झालं होय?" पोत्यावरून आवाज आला.

"अहो, तोटी बंद करा," ती नवऱ्याला म्हणाली. "हे झोपले नाना. आता थोड्या वेळाने उघडा."

त्याने उघडली. खळखळ!

"आले! प्यायले!" मागून कुणीतरी गरजलं. हशा थांबेपर्यंत महाराजांनी मागचं दार गाठलं होतं.

हसल्या नाहीत त्या फक्त सासूबाई.

"म्हणजे... ते आलेच नव्हते?"

सुनेला खोटं बोलणं किती सोपं होतं. "नाही, आई."

"तो घोट राहिलाच गं मग."

"राहिला. पण तुम्ही धावलात, ते नानांनी पाहिलं होतं." तिने पेला पुढे धरला. "त्यांचा घसा आता कशानेच जळत नाही. तुमचा जळतोय."

सासूबाईंनी तो दोन्ही हातांनी धरून एक घोट घेतला. दुसरा. पाणी हनुवटीवरून पदरावर सांडलं. सुनेने ते पुसलं, बाळाचं तोंड पुसतात तसं.

टाकीला नवं रबर बसलं आणि घर गप्प झालं. तुमच्याही घरी काही आपोआप घडू लागलं, तर हात जोडण्याआधी झाकण उघडून बघा. आणि कुणी कितीही मोठ्या आवाजात सांगितलं, तरी जिवंत माणसाचं पाणी तोडू नका.