लुकलुक बंद केलेला टास्कबार

मी टास्कबार बोलून राहिलो. कम्प्युटरच्या पडद्याच्या तळाशी लहान लहान चित्रांची पट्टी असते ना, तोच मी. बोलायची मला हौस नाही. भीती वाटते, म्हणून बोलावं लागलं.

जबलपुरात घमापूरला अंबादासजींच्या पुढच्या खोलीत माझा मुक्काम. अंबादासजींनी खमरियाच्या कारखान्यात जन्म काढला. मशीनच्या आवाजानं दोन्ही कान खाल्ले. फोन त्यांच्या काही कामाचा नाही. म्हणून त्यांच्या पोरीनं, क्षमानं, अमरावतीहून येऊन हा कम्प्युटर मांडून दिला. मोठ्या पडद्यावर तिचे ओठ दिसतात, ते पाहून बापाला सारं समजते. तिनं बापाला एकच गोष्ट शिकवली.

"बाबा, खाली हे हिरवं चित्र लुकलुकलं का मी आली समजा. त्यावर दाबा."

तेव्हापासून लुकलुकणं हे माझं काम. बाकीची चित्रं नुसती शोभेची. अंबादासजी समोर बसून मटार सोलत, अन् नजर माझ्यावर. मी लुकलुकलो का मटार बाजूला. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला सांगू.

मग क्षमाचे दिवस भरत आले. तिच्या आईला, इंदूबाईंना, अमरावतीला न्यायला क्षमाचा भाऊ अपूर्व बंगळूरहून आला. निघायच्या दिवशी गाडीला वेळ होता. रिकामा माणूस दुसऱ्याची वस्तू जागेवर राहू देत नाही. बसला माझ्यासमोर, माऊसचं उजवं बटण दाबलं अन् सेटिंग उघडली. चित्रं डावीकडून मधे ढकलली. मला काळा रंग फासला. तरी मी गप्प होतो. मग त्यानं माझी लुकलुक बंद केली. कोपऱ्यात सूचना येत, त्याही बंद.

"पापा, ये ब्लिंकिंग हटा दी. अब देखो कितना साफ लगता है."

बोलला तेव्हा बापाकडे पाठ होती. ओठ दिसले नाहीत. अंबादासजी हसून म्हणाले, "अच्छा, अच्छा." ऐकू न येणारी माणसं अशीच हो म्हणतात, भांडण नको म्हणून. अपूर्व आईला घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्षमाचा कॉल आला.

स्पीकर वाजून राहिला होता. अंबादासजी माझ्याकडेच पाहत होते, डोळे फाडून, अन् मी मेल्यासारखा काळा. ओरडायला मला तोंड नाही. होती ती लुकलुक, ती गेली. कॉल थांबला. पुन्हा आला. पुन्हा थांबला. अंबादासजींनी गमछ्यानं पडदा पुसला, त्यांना वाटलं धूळ बसली.

"काहून रे, अजून काहीच नाही?" मलाच विचारलं.

मग कॉल यायचाच बंद झाला. ती शांतता मला त्या वाजण्यापेक्षा भयंकर वाटली.

दुपारी शेजारच्या विनतादीदी अनवाणी धावत आल्या. इंदूबाईंनी त्यांना फोन केला होता. धाप लागलेल्या माणसाचे ओठ वाचता येत नाहीत. अंबादासजी उभे राहिले, मटार साऱ्या खोलीभर झाले.

"हळू बोल, विनता. माझी पोरगी आहे ना?"

विनतादीदींनी त्यांना हाताला धरून बसवलं अन् हिरवं चित्र स्वतःच दाबलं. पडद्यावर इंदूबाई आल्या, मग खाटेवरची क्षमा. चेहरा पांढराफटक. तिच्या कुशीत मुलगी होती. सकाळी घाईघाईनं ऑपरेशन करावं लागलं होतं.

क्षमा सावकाश, एकेक शब्द सोडवत बोलली. "बाबा, आत न्यायच्या आधी तुम्हाला पाहायचं होतं. तुम्ही उचललाच नाही. मला वाटलं, आता भेट होते का नाही."

"मी इथंच होतो, बाई," अंबादासजी म्हणाले. "उठलो पण नाही." अन् धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत राहिले.

विनतादीदींनी शोधून शोधून माझी लुकलुक चालू केली. आता मी धड आहे. पण माझा भरवसा गेला. कोणाचा हात उजव्या बटणाकडे वळला का मला धस्स होते.

बारसं इथंच ठरलं आहे. अपूर्व येऊन राहिला. बेटा, ये. लाडू खा, भाचीला मांडीवर घे. माझ्या अंगाला हात लावू नको. अन् राहवलंच नाही, तर आधी बापाला विचार, त्याच्या समोर बसून.