वेलदोड्याचा धूर

लायल ब्रेक्केला धूर न करणारी बारूद हवी होती, आणि ती गुरुवारच्या आत हवी होती.

माझ्या सांगण्यातलं अर्धं लोक सोडून देतात. देऊ देत. पण त्या हिवाळ्यात आमच्या बंबखान्याच्या तळघरात जो धूर व्हायचा, तो मी कमी करूनच सांगतोय. तिथे आमच्या क्लबची पिस्तुलांची रेंज. दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही आठ-दहा म्हातारे एका हातात पिस्तूल धरून कागदावरच्या काळ्या ठिपक्याशी भांडायचो. लायलने चार बार काढले की बाकीचे अंदाजाने मारायचे. एकदा तर एर्ल नेस्ट धुरात बराच वेळ नेम धरून उभा होता. धूर निवळला तेव्हा निशाण त्याच्या पाठीमागे आणि कॉफीची किटली समोर. नशीब, तो चाप ओढायला फार विचार करतो.

धूर तळघरातच राहता तर कुणी काही म्हणालं नसतं. पण तो फळ्यांच्या फटींतून वर चढायचा, आणि वरच्या सभागृहात ओपल सुंडे आणि तिच्या मैत्रिणी गोधड्या शिवायच्या. जिल्ह्याच्या जत्रेसाठी पांढऱ्या कापडावर निळ्या चांदण्यांची गोधडी ताणलेली होती. तिच्यावर काजळीचा पट्टा उमटला, सरळ, पट्टी लावून ओढल्यासारखा. ओपलने ती गोधडी गावच्या पंचांसमोर टेबलावर पसरली. पंचांनी ठरवलं, येत्या गुरुवारी आणखी एक डाग पडला तर तळघराला कुलूप.

आम्हा इतरांना काय, आम्ही तळ्यावरच्या बर्फात भोक पाडून मासे धरत बसलो असतो. लायलचं तसं नव्हतं. त्याची बायको मार्डेल आदल्या शरदात गेली. तेव्हापासून तो सिंकपाशी उभ्यानेच जेवायचा, भांड्यातून थेट. दाढी फक्त गुरुवारी करायचा. गुरुवार गेला असता तर दाढी करणं गेलं असतं, मग जेवण, आणि मग काय ते बोलायला नको.

सोमवारी मी त्याच्याबरोबर डेलच्या दुकानात गेलो.

"सगळ्यात स्वच्छ जळणारी दे, डेल."

"मागच्या वेळी दिली तिचं काय झालं?"

"काडतुसांच्या पुंगळ्या आतून चिमणीसारख्या काळ्या झाल्या."

"अरे, तू निशाणाला बारुदीचा हलका भार भरतोस. हलक्या भाराला सावकाश पेटणारी बारूद नीट जळतच नाही. अर्धे दाणे तसेच बाहेर येतात. तुला झटकन पेटणारी हवी, बारीक चकत्यांची."

"ती नेली."

"गोल दाण्याची?"

"तीही नेली."

"मग आता माझ्याकडे कॉफीची भुकटी उरली बघ."

लायल हसला नाही. दोन्ही पंजे काउंटरवर टेकून उभा राहिला. मला वाटलं, हात काढले तर हा पडेल.

"डेल," तो म्हणाला, "कुलूप लागेल रे."

डेल मागच्या खोलीत गेला आणि एक निळा डबा घेऊन आला. "ही घे. याहून स्वच्छ माझ्याकडे नाही. भार पुस्तकात दिलाय तेवढाच भर, मनाने काही करू नकोस."

त्या बारुदीबद्दल मी शपथेवर सांगतो. लायलच्या शेडमागे आम्ही तिची परीक्षा घेतली, तेव्हा पिस्तूल आधी मळकं होतं आणि चार बारांनंतर धुतल्यासारखं झालं. पुंगळीत डोकावलो तर मला माझं नाक दिसलं. पण बाजूला दोरीवर टांगलेला मार्डेलचा पांढरा अभ्रा पाहिला, तर करडा! हवेत निळसर ढग तसाच लोंबकळत होता आणि त्याला वेलदोड्याचा वास येत होता.

"ही पण घाणेरडी," लायल म्हणाला. "सगळ्या घाणेरड्या. एकसुद्धा स्वच्छ बारूद बनवता येत नाही का रे या लोकांना?"

आणि त्याने तो डबा बर्फात भिरकावला. मग गुडघ्यांवर बसून, हातमोजे काढून, बर्फातून चकत्या वेचायला लागला. मी त्याला उठवायला गेलो तर माझा हात झटकला.

मी गप्प बसलो. मी गप्प बसणं म्हणजे आमच्या गावात डॉक्टर बोलावण्याचं लक्षण. पण बोलणार काय? धूर बारुदीचा नव्हताच. हे मला ठाऊक होतं, डेलला ठाऊक होतं, एर्लसारख्यालाही ठाऊक होतं. आम्ही सगळे तांब्याचा मुलामा दिलेल्या विकतच्या गोळ्या वापरायचो. लायल शिसं वितळवून स्वतः गोळ्या ओतायचा आणि नळीला शिसं चिकटू नये म्हणून त्यांच्या खाचांत मेण भरायचा. जळायचं ते मेण. आणि ते मेण मार्डेलने शिजवलेलं होतं. मधमाशीचं मेण, डुकराची चरबी, आणि चरबीचा वास तिला सोसत नसे म्हणून मूठभर वेलदोडे. नाताळच्या पावात घालायची तेच. लायल बार काढायचा आणि आम्हाला भूक लागायची. तिच्या हातच्या मेणाचे शेवटचे काही डबे त्याच्या घराच्या तळघरात होते.

गुरुवार आला. लायल दाढी करून आला, हनुवटीवर कापल्याच्या दोन खुणा. निळ्या डब्यातली बारूद भरलेली काडतुसं त्याने ओळीने मांडली. पहिला बार. दुसरा. ढग उठला आणि आपली वाट धरून फळ्यांकडे निघाला. लायल ढगाकडे बघत राहिला, जणू डोळ्यांनीच तो खाली ओढणार. मग टोपी काढून वारा घालायला लागला. मग अंगातला कोट काढून कोटाने वारा घालायला लागला. कुणी हसलं नाही.

जिन्यावर पावलं वाजली. आम्ही पिस्तुलं रिकामी करून खाली ठेवली. ओपल उतरली, काखेत गोधडी.

"बारूद बदललीये, ओपल," लायल घाईघाईने म्हणाला. "अजून एक बाकी आहे, ती मागवतो. एक गुरुवार दे. फक्त एक."

"वास घे." तिने गोधडी त्याच्या नाकाशी धरली.

"ओपल..."

"घे म्हणते ना! मार्डेलच्या ओट्याशी उभी राहून किती नाताळ मी कणीक मळलीये. मला बारूद सांगतोस?"

लायलने वास घेतला. बराच वेळ घेतला. गोधडीतून तोंड न काढताच म्हणाला, "मला ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून."

"मग डेलचं दुकान कशाला पालथं घातलंस, गाढवा?"

"बारूद असती तर बरं झालं असतं." तो खाली बसला. "हे मेण सोडलं तर तिच्या हातचं काय राहिलं माझ्याकडे? तेवढंच जपतोय."

ओपल शेजारी बसली. तिचा आवाज उतरला, पण शब्द काही मऊ झाले नाहीत.

"जपतोस कुठे, लायल? जाळतोयस. दर गुरुवारी थोडं थोडं. डबे किती उरलेत?"

 लायलने आपलं एक बोट वर केलं आणि त्या बोटाकडे असा बघत राहिला, जणू ते कुणा दुसऱ्याचं असावं.

एर्लने आपल्या विकतच्या गोळ्यांचं खोकं त्याच्यापुढे सरकवलं. शहाणपणाची एवढी एकच गोष्ट मी एर्लच्या हातून झालेली पाहिली.

पुढल्या गुरुवारी लायलने त्या गोळ्यांमागे आपली जुनीच बारूद भरली, धुराचा दोष देऊन सगळ्यात आधी टाकून दिलेली. धूर इतका कमी की सगळ्यांना सगळ्यांचे कागद दिसू लागले. तेव्हा उघड झालं की माझ्या कागदावरची जी चांगली भोकं मी मिरवत होतो, त्यातली निम्मी लायलची होती. वर ओपल काजळी लागलेल्या चांदण्या उसवून नव्या जोडत होती. पंचांकडे ती गेलीच नाही, आणि कुलूप लागलं नाही.

लायलच्या बाकावर, काडतुसांशेजारी, आता मार्डेलच्या मेणाचा तो एक डबा असतो. बार काढण्याआधी तो झाकण उचलतो, नाक आत घालतो, झाकण घट्ट बसवतो.

"अरे, किती वेळ?" एर्ल ओरडतो. "आम्हाला भूक लागते!"

"लागू दे," लायल म्हणतो आणि हात लांब करून नेम धरतो.  डबा अजून भरलेला आहे.