कोंबडीची फी

भाताच्या आवणीला वाकलेल्या नवशीनं चिखलातूनच नवऱ्याला ठणकावलं, "मी प्रगतीला घेऊन साळंत चालली. डॉक्टरची गाडी आली हाय."

"न् फी?" ढवळू बांधावरून म्हणाला. "बाजारच्या डॉक्टरनं खिसा उलटा केलता, इसरली?"

"कोंबडी दीन. पोरगी मान वाकडी करून आयकते, मास्तर म्हनतो मस्ती करते."

नवशीनं कोंबडी काखेत मारली, पोरीचं मनगट धरलं आणि पोशेऱ्याची शाळा गाठली. डॉक्टरीणबाईंनी प्रगतीच्या कानात बॅटरी मारली, हसल्या, हळूच चिमटा घातला. बाहेर आला वालाचा दाणा, फुगून टरारलेला!

"खेळताना घातलास ना गं?"

प्रगती आईच्या पदरामागं लपली.

"किती झाला?" नवशीनं विचारलं.

"काही नाही ताई. फुकट असतं हे."

नवशीचं तोंडच उतरलं. फुकटचा इलाज कुठं गुण देतो? तिनं कोंबडी थेट टेबलावर ठेवली. कोंबडीनं गोळ्यांचा डबा लवंडला, नर्सबाई किंचाळली, आणि सगळी शाळा कोंबडीमागं पळत सुटली. शेवटी नवशीनंच ती धरली आणि मुकाट घरी आणली.

"वाचली म्हनायची!" ढवळू खूश झाला. नवशीला मात्र ते लागलं. दारात जाऊन दिलेलं कुणी परत करतं का?

पण पोरीची मान सरळ झाली. पहिल्या हाकेला ओ द्यायला लागली.

भात निसवून लोंब्या आल्या तेव्हा गाडी पुन्हा आली. पाड्यावरची एक बाई उंबरा सोडील तर शपथ. शेजारच्या मंगळीचा पोरगा खरजेनं रात्रंदिवस खाजवत होता, तरी ती म्हणाली, "फुकटात काय देतील? खडूची गोळी."

नवशी आवाज चढवून म्हणाली, "फुकट? कोन म्हनतो? मी सबंद कोंबडी मोजली! पर तुमच्याकडना काकडी, अंडा, काय बी घेतील. मी सांगन त्यांना."

दुपारपर्यंत शाळेच्या पडवीत पोरांची रांग लागली आणि टेबलावर काकड्या-अंड्यांचा ढीग.

डॉक्टरीणबाई उठून आल्या. "नवशीताई, फुकट आहे म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"तुमी सांगला," नवशी शांतपणे म्हणाली. "म्हनून तं कोनी येत नवता."

बाईंनी रांगेकडं पाहिलं. अंडी पोरांच्या दुपारच्या जेवणात उकडायला पाठवली, एक काकडी कचकन दातानं तोडली आणि मंगळीच्या पोराला म्हणाल्या, "ये रे, दाखव हात."