ताट सरकवायची खिडकी

मी खिडकी बोलतेय. आभाळ दाखवणारी नव्हे, ताट सरकवायची. तळवड्याहून चाकणकडे निघालात की डाव्या हाताला एक पत्र्याची मेस लागते. तिथल्या स्वयंपाकघराच्या आणि बाकड्यांच्या मधल्या भिंतीत मी राहते. पाटीवर नाव रंगरावांचं, 'रंगराव भोजनालय'. तव्यावर हात कुशाबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. पाटी रंगवताना ही गोष्ट कुणाला खटकली नाही.

गवंड्याने मला विटा रचून घडवलं नाही. आधी भिंत पुरी बांधली, मग आठवण झाली आणि विटा काढून मला मोकळं केलं. म्हणून मी बुटकी. बाहेरच्या माणसाचं तोंड माझ्यात मावत नाही, नुसते हात दिसतात. वाफेत तरंगत येतात, ताट धरतात, विरघळून जातात. कुशाबाईंनी बारा वर्षांत साठ मेंबरांपैकी फारच थोड्यांचे चेहरे पाहिले असतील. हात मात्र साठही ओळखीचे.

मेंदी लागलेला हात आला की ताटात न मागता गुळाचा खडा पडायचा. डबल शिफ्ट करून थरथरणाऱ्या हाताला आधी ताकाचा पेला. ज्योतीराम नावाचा एक लातूरकडचा माणूस कारखान्यात, पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये होता. त्याची उजव्या हाताची दोन बोटं मशीनमध्ये गेली. पट्टी बांधलेला तो हात पहिल्यांदा माझ्या कठड्यावर टेकला, तेव्हा कुशाबाईंनी वाढलेलं ताट बाजूला ठेवलं. मग त्यांनी भाकरी आमटीत कुस्करून, काला करून वाटी पुढे सरकवली. डाव्या हाताने चमच्याने खाता यावं म्हणून. मलाच उगीच ऊब आल्यासारखं वाटलं.

मोठ्या माणसांची एक खोड असते. चाललेलं नीट चाललंय, हे त्यांना बघवत नाही. रस्त्यावर एसी हॉटेलं आली. रंगराव एकदा तिथे जेवून आले आणि येताना काळी काच घेऊन आले. चार स्क्रूंनी ती माझ्या तोंडावर बसवली. खाली ताट जाईल एवढी फट ठेवली.

"बाईमाणूस दिसाय नको आन् हाटेलाला ष्टँडर्ड बी पायजे," ते म्हणाले.

त्या दिवसापासून मी पाण्याखाली गेले. पलीकडे सावल्या हलायच्या. कुशाबाई आतून काचेला कपाळ लावून बघायच्या, त्यांना स्वतःचंच कपाळ दिसायचं. गूळ चुकला, ताक चुकलं. ज्योतीरामला अख्खी भाकरी जाऊ लागली. चव तीच होती, पण माणसं गळत गेली. रंगरावांनी इलाज म्हणून चायनीज वाढवलं. साठाचे एकोणीस मेंबर उरले, तेव्हा ते शेड गोदामाला द्यायचं बोलू लागले.

त्यांची लेक पुनम. बी.कॉम. झालेली, जिभेला धार. दुपारी ती मोबाइल माझ्या कठड्याला टेकवून 'हॉटेल सावरू या' नावाचा कार्यक्रम बघायची. एक शेफ बुडती हॉटेलं वाचवतो. अकरा वर्षं न बोललेल्या दोन भावांना त्याने एकच कांदा सोलायला बसवलं, तो भाग मी विसरणार नाही. एका मालकाला त्याने स्वतःच्याच हॉटेलात गिऱ्हाईक म्हणून तासभर ताटकळत ठेवलं होतं. काचेच्या अंधारात ती छोटी उजळ माणसं मला स्वप्नातल्यासारखी वाटायची.

पुनमने परस्पर अर्ज केला आणि एक दिवस ती स्वप्नातली माणसं गाडीतून खाली उतरली.

"कुणाला इचारून बोलावलं?" रंगराव ओरडले.

"तुम्ही काच कुणाला विचारून लावली होती, अण्णा?"

कॅमेरावाला विक्की पहिल्याच तासाला वैतागला. "ही काच काढा राव! लाइट मारतोय, माझंच थोबाड दिसतंय." चार स्क्रू निघाले. काच कोपऱ्यात गेली. आणि माझ्यातून वारा गेला, वाफ गेली, पाठोपाठ हात आले. कुशाबाईंचा श्वास मला ऐकू आला.

ज्योतीरामचा हात आला. पट्टी आता नव्हती, बोटंही नव्हती. कुशाबाईंनी वाटीत काला केला.

शेफ धावत आला. "अहो, हे काय? भाकरी कुस्करून? प्लेटिंग म्हणून काही असतं की नाही?"

"त्यांना मोडता येत न्हाई, साहेब."

शेफ वाकला. माझ्यातून त्याने तो हात पाहिला. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी शिकणार. तो सरळ झाला आणि म्हणाला, "परत घेऊ. अख्खी भाकरी द्या."

महिन्याने तो भाग लागला. त्यात ज्योतीराम अख्ख्या भाकरीकडे बघत बसलेला होता, वर रडवं संगीत आणि खाली पट्टी, 'ग्राहक नाराज'. कॅमेऱ्यासमोर रंगराव भरपूर रडले होते, ते भरपूर दाखवलं. कुशाबाई दिसल्या तेवढ्यात एक भाकरीही उलटली नसती. पुनमने मोबाइल आपटायला उचलला, आपला आहे हे आठवून खाली ठेवला.

पण त्या महिन्यात काच नव्हती. गूळ, ताक, काला आपापल्या हातांकडे परत गेले होते, आणि हात परत येऊ लागले होते.

भाग लागल्याच्या दुसऱ्या दिवशी, ऐन पहिली शिफ्ट सुटायच्या वेळी, रंगराव काच घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"आता टीव्ही बघून कोणबी येईल. उघडं नगं."

"अण्णा, काच लावलीत तर मी–"

"पुनम, तू गप," कुशाबाई म्हणाल्या. लेकीला वाटलं, झालं, आई नेहमीसारखी नमली. कुशाबाईंनी पिठाचा हात तसाच उचलला आणि कोपरापर्यंत माझ्यातून बाहेर काढून कठड्यावर ठेवला.

"बसवा."

"हात काढ की."

"न्हाई काढणार. बसवायची तर हातावर बसवा."

बाहेर रांग लागली. आत तवा धुरावला. पुनमने भाकरी उलटायला घेतली आणि तिचे तीन तुकडे केले. कुशाबाईंच्या बोटांवर पीठ वाळून भेगा पडू लागल्या. काच जड होती, रंगरावांचे दंड कापायला लागले. रांगेतून ज्योतीराम म्हणाला, "अन्ना, ठिवा की ते खाली. करपायलीय भाकर."

रंगरावांनी एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा त्या हाताकडे. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. तो हात त्यांनी इतका वेळ कधी पाहिला नसावा. त्यांनी काच खाली ठेवली, वाकले आणि माझ्यातून हळूच आत विचारलं, "पाणी देऊ का हातावर?"

"आधी गॅस बारीक करा म्हणावं त्या पोरीला," आतून उत्तर आलं.

आता माझ्या चौकटीत स्क्रूंची चार भोकं आहेत. मेंबर साठ झालेले नाहीत, पण गोदामाचं कुणी बोलत नाही. पुनम बरी भाकरी करते, असं तीच म्हणते.

तुम्ही या रस्त्याने आलात तर थांबा. ताट घ्यायला घाई करू नका. तुमचा हात माझ्या कठड्यावर घटकाभर राहू द्या. आत कुणीतरी तो बघतंय.